मदत हवी आहे: गावच्या सौर संचाची बॅटरी रात्री साडेआठलाच बसते (धारणी तालुका)

ढाण्याचा_ऑपरेटर
मेळघाटातलं ४६ घरांचं गाव. महावितरणची लाइन अजून पोचली नाही. गावाचा सौर संच ग्रामसभेने नेमलेली समिती चालवते. ३३५ वॅटचे ३० पॅनल (१० किलोवॅट), १० केव्हीएचा १२० व्होल्टचा इन्व्हर्टर, २ व्होल्टचे ४०० एएचचे (अँपिअर-तास) ६० ट्यूब्युलर लेड-ॲसिड सेल. सेल साडेपाच वर्षांचे.

आधी सकाळपर्यंत वीज टिकायची. आता रात्री साडेआठ-पावणेनऊला इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ दाखवून बंद पडतो. कट-ऑफ १११ व्होल्टवर ठेवलाय. गंमत म्हणजे दिवसा सकाळी साडेअकरालाच बॅटरी ‘फुल’ दाखवते. लावून देणाऱ्या एजन्सीचा फोन लागत नाही. एक दुकानदार म्हणतो, सगळे ६० सेल बदला. समितीच्या खात्यात ३८ हजार आहेत. काय करावं?

वर्धेचा_तारतंत्री
भाऊ, सेल बदलायची घाई करू नका. लवकर भरते आणि लवकर संपते म्हणजे भांडं लहान झालंय, पण अख्खं झालंय की दोन-चार सेलांमुळे तसं दिसतंय, हे आधी पाहावं लागेल. आज रात्री सव्वाआठला, लोड चालू असताना, मल्टिमीटरने प्रत्येक सेलचं व्होल्टेज घ्या. उद्या सकाळी हायड्रोमीटरने प्रत्येकाची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता, त्यावरून चार्ज कळतो). सेलांवर खडूने १ ते ६० नंबर टाका, वहीत तेच नंबर. पाणी कोणतं घालता तेही सांगा.

ढाण्याचा_ऑपरेटर
रीडिंग घेतले जी. ५७ सेल १.९५ ते १.९७. नंबर १४ ला ०.४, १५ ला १.१ आणि ४१ ला उणे ०.३! मीटरच्या पिना उलट्या लागल्या का म्हणून परत पाहिलं, तेच आलं. ग्रॅव्हिटी बाकीच्यांची १.२० ते १.२२, या तिघांची १.१२ च्या खाली. १४ चा फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारा) खालीच अडकलाय, टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आहे. पाणी तालुक्याच्या आरओ प्लांटच्या जारमधलं घालतो.

वर्धेचा_तारतंत्री
सापडलं. ५७ × १.९६ म्हणजे १११.७. हे तीन सेल मिळून १.२. एकूण ११२.९. सगळे धड असते तर त्याच वेळी ११७.६ दिसले असते. इन्व्हर्टर फक्त बेरीज पाहतो. कोणता सेल आडवा झाला ते त्याला कळत नाही. बेरीज १११ वर आली की तो बंद. म्हणजे ५७ सेलांत चार्ज शिल्लक असताना तीन सेल गाव अंधारात घालतात. ४१ नंबर तर उलटा झालाय: बाकीचे सेल त्याला उलट्या दिशेने चार्ज करताहेत.

कारण जारमधलं पाणी. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच. क्लोराइड प्लेट खातं, लोह असलं तर सेल आपोआप उतरतो. डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे. आणि कोणी ॲसिड टाकून ग्रॅव्हिटी वाढवा म्हटलं तर ऐकू नका. आकडा वाढेल, सेल मरेल.

आता क्रम असा. आधी लोड बंद, मग पॅनलचा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) पाडा, मग बॅटरीचा फ्यूज काढा. १२० व्होल्ट डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, हे लक्षात ठेवा. पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप, हातात अंगठी-कडं नको, खोलीत बिडी नको. टर्मिनल कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा (सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये), बोल्ट घट्ट करा, वर व्हॅसलीन. पाणी चार्जिंगच्या आधी फक्त प्लेटा बुडतील इतकंच, चार्ज झाल्यावर पातळी चढते, तेव्हा खुणेपर्यंत. उलटं केलं की ॲसिड बाहेर सांडतं.

मग ते तिन्ही सेल साखळीतून काढून वेगळ्या चार्जरवर २० अँपिअरने २४ ते ३० तास लावा, ५० अंशांवर तापले तर थांबवा. पूर्ण चार्ज ट्यूब्युलरची ग्रॅव्हिटी साधारण १.२४ असते. १.२० पर्यंतही चढले नाहीत तर ते गेले समजा.

तोवर गाव ५७ सेलांवर चालवता येतं, पण सेटिंग बदलूनच: बूस्ट (भरतानाचं व्होल्टेज) १४४ ऐवजी १३७, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १२८, कट-ऑफ १०५.५. जुनंच १४४ ठेवलं तर एकेका सेलला २.५३ व्होल्ट रोज बसतील आणि चांगलेही उकळून जातील. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये ही सेटिंग नसेल तर त्याच एएचचे तीन सेल आणून बसवा. जुन्यात नवे मिसळू नयेत, बरोबर आहे, पण ६० बदलण्यापेक्षा हे बरं. वर्षभर निघेल.

यवतमाळचा_हिशोबी
तारतंत्री भाऊंचं खरं आहे, पण सेल का मेले याचं अर्धंच उत्तर पाण्यात आहे. रात्रीचा लोड लिहा. किती पंखे, किती टीव्ही?

ढाण्याचा_ऑपरेटर
घरटी ७ वॅटचे तीन बल्ब, ५ तास. पंखे १९ घरांत. टीव्ही ११. रस्त्यावर २० वॅटचे ८ दिवे रात्रभर. चक्की ३ एचपीची, सकाळी आणि संध्याकाळी चालते. वर्गणी घरटी महिना १०० रुपये, सरसकट. तीसेक घरं देतात.

यवतमाळचा_हिशोबी
बल्ब ४.८ युनिट. ७५ वॅटचे १९ पंखे ९ तास: १२.८. टीव्ही २.६. रस्ता १.८. मोबाइल अर्धा. झाले २२.५. इन्व्हर्टरची घट आणि त्याचं स्वतःचं खाणं धरून २६. आणि तुमची बॅटरी? १२० × ४०० म्हणजे ४८ युनिट, त्यातले निम्मेच रोज काढायचे. २४. म्हणजे बॅटरी बँक (सगळे ६० सेल मिळून) नवी कोरी असती तरी हा लोड तिच्या ताकदीबाहेर आहे. संच बसला तेव्हा गावात पंखे किती होते? दोन-तीन असतील. पंखे वाढले, संच तेवढाच राहिला.

म्हणून पहिला पैसा सेलांवर नाही, पंख्यांवर. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅट घेतो. १९ पंखे बदलले तर रोज रात्री ७.७ युनिट वाचतात. तेवढे युनिट साठवायला १५ युनिटची जास्तीची बॅटरी लागली असती, तीही सहा वर्षांनी पुन्हा. उरलेला लोड १८ च्या आसपास येतो, बँक सुटकेचा श्वास घेईल.

चक्की ११ ते २ या वेळातच. तेव्हा पॅनलची वीज थेट जाते, बॅटरीला हात लागत नाही. आता ती नेमकी ऊन नसताना चालते. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, सातच्या सुमारास बल्ब मंदावत असतील तर त्याचं कारण हेच. दुपारी शेतावर माणसं असतात ही अडचण खरी. डबा सकाळी ठेवायचा, पीठ संध्याकाळी न्यायचं.

आता पैसा. समजा नव्या बँकेचं कोटेशन ५ लाख आलं आणि ती ६ वर्षं चालली. ७२ महिन्यांनी भागा: महिना ६,९४४. तुमची पूर्ण वर्गणी आली तरी ४,६०० होते, त्यातून ऑपरेटरचं मानधन. नवी बँक येणार कुठून?

तीन बल्बांच्या घराने पंख्याच्या घराचा भार का उचलायचा, हा वाद ग्रामसभेत होईल आणि झालाच पाहिजे. तोडगा: बॅटरी निधी फक्त बल्ब असलेल्या २७ घरांना ८० रुपये, पंख्याच्या १९ घरांना २५०. होतात ६,९१०. त्यावर मीटरप्रमाणे युनिटचे वेगळे ७ रुपये, रोजच्या खर्चासाठी. मीटर नसेल तर निदान २ अँपिअरची एमसीबी (जास्त लोड झाला की आपोआप पडणारा स्विच) घरटी, पेटी खांबावर, कुलूप समितीकडे. घरात लावली तर तार परस्पर जोडली जाते.

महिन्याच्या महिन्याला वसुली शेतकऱ्याच्या घरी जमत नाही. सोयाबीन विकल्यावर एकदा आणि हरभरा विकल्यावर एकदा, सहा-सहा महिन्यांची घ्या. दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी जाणाऱ्या घरांचं कनेक्शन त्या काळात उतरवून ठेवा, निधी निम्मा. बॅटरी निधीचं खातं वेगळं, सही बचत गटाच्या बाईची आणि समितीच्या एकाची. सरपंचाची नको. निवडणूक झाली की खातं अडकतं.

वर्धेचा_तारतंत्री
एक राहिलं, खोली. टिनाची असेल तर मे महिन्यात आत काय होतं ते माहीत आहे. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य निम्मं होतं. टिनावर चुना मारा, आतून तुराट्यांचं छत, समोरासमोर झरोके, वरचा झरोका अगदी छताला लागून, कारण चार्जिंगचा वायू वर जमतो. लिथियमचा विचार असेल तर तोही उन्हात रडतो.

ढाण्याचा_ऑपरेटर
टिनाचीच आहे. आणखी एक. पोरं म्हणतात, मोठा प्रकल्प टाका आणि वीज सरकारला विका, कुसुम योजनेत. आणि दोन वर्षांत लाइन आली तर हे सगळं वाया जाईल का?

यवतमाळचा_हिशोबी
कुसुमचा ‘अ’ घटक म्हणजे साधारण ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट, उपकेंद्राच्या ५ किलोमीटरच्या आत, मेगावॅटला जवळपास पाच एकर जागा, महावितरणशी २५ वर्षांचा करार. पंचायत, सहकारी संस्था, शेतकरी कंपनी, सगळ्यांना मुभा आहे. पण तो वीज विकायचा धंदा आहे, तुमच्या गावातला दिवा त्याने पेटत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला विकली, पण तिथं ग्रिड आधीपासून होतं.

जागा वाढवायची आणि जमीन वनाची असेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) वाचा. अपारंपरिक ऊर्जा आणि विजेच्या तारा त्या यादीत आहेत: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, ग्रामसभेची शिफारस लागते. धारणी पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) येतं, त्यामुळे ५ टक्के अबंध निधीतून पंखे किंवा सेल मागायचा ठरावही त्याच सभेत घ्या.

लाइन आली की घरं तिकडं जातील, हे धरूनच चाला. तेव्हा संच चक्की, नळयोजना आणि शाळेला ठेवा. पण तुमचा इन्व्हर्टर ग्रिडशी समांतर जोडायचा नाही. चार पोलचा चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकीकडचीच वीज जोडणारा) लावा. नाहीतर लाइन बंद असताना तुमची वीज उलटी तारेत जाते आणि खांबावरच्या लाइनमनला लागते.

ढाण्याचा_ऑपरेटर
समजलं. जारचं पाणी आजपासून बंद. परतवाड्याहून डिस्टिल्डचे कॅन सांगितलेत. ६० सेलांना किती लागेल?

वर्धेचा_तारतंत्री
पहिल्या खेपेला ६० लिटर धरा, सेलला एक. नंतर उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी झाकणं उघडून पाहा, पावसाळ्यात महिन्याने. १४ नंबरचा फ्लोट बदला, नाहीतर तो परत खोटं सांगेल.