कोणी पाहत नसताना मास्क नाकावर का राहिला? सोलापूरच्या तरुणांचे अनुभव

कोरोनाच्या काळात दंड होता, नाकाबंदीही होती. परंतु जिथे विचारणारे कोणी नव्हते, तिथेही आपण काळजी घेतली ती कशामुळे, हे तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

आमचे घर पूर्व भागात, दीड खोलीचे. आजी आयुष्यभर विड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली तेंदूपाने, आणि सोबतीला खोकला. टाळेबंदी शिथिल होऊन यंत्रमाग पुन्हा सुरू झाले, तेव्हा मला स्वतःच्या आजाराची भीती वाटत नव्हती. पण लक्षणे दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, हे कळल्यापासून मागावरची पाळी संपवून घराकडे वळताना पाय जड होत. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येई, तरी दारातल्या पिंपावर आजीने माझ्यासाठी तांब्या आणि साबणाची वडी वेगळी ठेवली होती. मी जिन्याखाली जेवू लागलो. एका रात्री तिने स्वतः ताट आणून ठेवले आणि माझे जेवण होईपर्यंत चार हात मागे बसून राहिली. त्यानंतर मला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर
सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा मी स्वयंसेविका म्हणून घरोघरी गेले. तोवर माझा मास्क हनुवटीवरच असे. ताप पाहायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा ९५ च्या खाली असल्यास तपासणीसाठी पाठवायचे, असे काम होते. एका घरी आजोबा निवांत चहा पीत होते आणि यंत्र ८८ दाखवत होते. बोट पुसले, यंत्र बदलले; आकडा हलेना. मोबाइलवरच्या भीतीदायक संदेशांनी जे साधले नव्हते, ते त्या आकड्याने साधले. तरुणांना उपदेश कमी आणि काम अधिक द्यायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

नोकरदार, होटगी रस्ता
पहिले दोन महिने मी केवळ दंडाच्या भीतीने मास्क लावला. चौकात लावायचा, गल्लीत काढायचा. पुढे आमच्या कट्ट्यावरच्या पाचही जणांनी ठरवून लावला, आणि मग एकट्याने काढणेच अवघड वाटू लागले.

नंदीध्वजाचा (सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीचा) सेवेकरी
जानेवारी २०२१ ची सिद्धेश्वर यात्रा मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाली. एरवी अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाला, तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे मला फार राग आला होता. वडिलांनी एवढेच विचारले, की २०२० च्या आषाढीला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मग आपण कोण? आईने इस्त्री करून ठेवलेली पांढरी बाराबंदी मी घातली, घरातल्या देवापुढे अक्षता वाहिल्या आणि उंबरा ओलांडला नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा नोंदणीसाठी मोबाइल हातात धरून बसणाऱ्यांत मीही होतो, कारण मला पुन्हा काठी पेलायची होती. ती मिळाली २०२३ मध्ये.