मदत हवी आहे : आरसा लांब नेला की ऑटोकोलिमेटरचं रीडिंग सरकतं

लेथच्या बेडचा (ज्यावर गाडी सरकते त्या लांब पायाचा) सरळपणा तपासायला ऑटोकोलिमेटर स्वतःच जुळवलाय. बेडवर सरकणाऱ्या गाडीवरच्या आरशाकडे समांतर झोत सोडून, परत आलेल्या किरणावरून आरशाचा कल मोजणारं हे यंत्र. ५०० मिमी नाभीय अंतराचं भिंग, एलईडीने उजळलेलं क्रॉसहेअर (फुलीच्या बारीक रेषा), बीम स्प्लिटर (झोत दोन वाटांत विभागणारी काच) आणि ३.४५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा. आरसा १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) कलला की परतीचा किरण २ आर्कसेकंद वळतो, म्हणजे कॅमेऱ्यावर प्रतिमा साधारण ४.८५ मायक्रॉन सरकते. जेमतेम दीड पिक्सेल, पण रेषेचा मध्य काढून वाचलं तर तेवढ्यात भागतं.

अडचणी दोन. आरसा लांब असला की हात न लावताही रीडिंग ३-४ आर्कसेकंद डुलत राहतं. आणि आरशाची गाडी भिंगाजवळून ३ मीटरवर नेली की आडवं रीडिंग १५ आर्कसेकंद एका बाजूला जातं; परत आणली की मूळ जागी येतं. आरशाच्या अंतराने कोन बदलायला नको ना? मग हा बेडचा बाक समजू की यंत्राची खोड? (लेव्हल, म्हणजे पाणसळ, लावून बघा असं कृपया सुचवू नका, तिला आडवा बाक दिसत नाही.)

प्रतिसाद :
डुलणं बहुतेक हवेचं. आरसा भिंगाच्या तोंडाशी पक्का बसवा. डुलणं थांबलं तर मधली वाट नळीने झाका आणि बरीच रीडिंग घेऊन सरासरी काढा. तरीही चालूच राहिलं तर एलईडीची उष्णता आणि बीम स्प्लिटरचा होल्डर तपासा.

रीडिंग सरकण्याचं कारण शोधायला आरशाऐवजी कॉर्नर क्यूब (एकमेकांना काटकोनात तीन आरसे) लावा. तो कसाही कलला तरी किरण आल्या दिशेनेच परत पाठवतो, त्यामुळे बेडचा बाक हिशेबातून बाद. ३ मीटरवर ठेवून क्यूब थोडा आडवा सरकवा. प्रतिमा हलली तर तुमचा झोत समांतर नाही, क्रॉसहेअर नाभीत बसलेलं नाही.

धागाकर्ता :
पण प्रतिमा तर एकदम धारदार दिसते. मग फोकस चुकलाय कसा म्हणायचा?

प्रतिसाद :
तिथेच तर गंमत आहे. क्रॉसहेअर नाभीच्या जरा पुढे आणि कॅमेरा तेवढाच मागे असला तरी जवळच्या आरशात प्रतिमा धारदारच दिसते, दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. म्हणून कॅमेऱ्याकडे बघून क्रॉसहेअर लावू नका. अनंतावर फोकस केलेली दुर्बीण भिंगासमोर ठेवा, तिच्यातून क्रॉसहेअर स्वच्छ दिसेपर्यंत ते पुढेमागे करा, आणि मगच कॅमेरा जुळवा. एवढं करून क्यूबची प्रतिमा जागची हलली नाही आणि आरशाचे १५ आर्कसेकंद तसेच राहिले, तर बेडच वाकडा.