तुमच्या गावात कुणाला काय म्हणतात? (मराठवाडा, अनुभव)

'विषमता' हा शब्द अंबाजोगाईच्या बाजारात कुणी उच्चारत नाही. तो भाषणात असतो, परीक्षेच्या पेपरात असतो. शेतात आणि ऊसतोडीच्या टोळीवर चालतात ते शब्द वेगळे: सालगडी, उचल, खाडा, बाईची मजुरी, 'तिकडची वस्ती'. ते शिवीसारखे लागत नाहीत, म्हणून पिढ्यानपिढ्या टिकले. पण पैसे त्यांच्यातूनच ठरतात, पंगतीतली जागाही. हे शब्द ज्यांना लावले जातात त्यांच्याकडूनच ऐकावेत, असं मला मनापासून वाटतं. आठही जिल्ह्यांतून लिहा. नावं नकोत. प्रमाण भाषेची अट नाही, जसं बोलता तसं लिहा.

केज

आमच्याकडं 'तुमच्या घरातून किती कोयते जातात?' असं विचारतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. आई ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची, आणि त्याच्याआधी पहाटे उठून भाकरी थापायची. तरी टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत तिचं नाव वेगळं नव्हतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वडलांच्या हातात, सहीपण वडलांची. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता, एकटी बाई गेली तरी अर्धाच. म्हणजे माणूस पुरा धरायला लग्न लागतं. आमच्याकडं हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं का उरकतात, ते ह्या हिशेबात बघा.

दुसरा शब्द खाडा. दिवस चुकला की दंड. ताप असो, पाळी असो, बाळंतपण असो. २०१९ साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बाहेरच्यांना धक्का बसला. आमच्याकडं 'पिशवी काढली का?' हे बायका पाणी भरताना विचारतात. खाडा किती कापतात हे माहीत असलं की तो प्रश्न कळतो.

मला 'मजूर' नको, 'ऊसतोड कामगार' म्हणा. कामगार म्हणलं की मालक कोण, रजा किती, विमा कुठंय, हे विचारता येतं. आत्ता कारखाना म्हणतो ही मुकादमाची माणसं, आणि मुकादम म्हणतो मी फक्त पैसे पोचवतो.

परभणी जिल्हा

वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं. ठराव एका माणसाचा. पण गोठ्यातलं शेण आई काढायची, सुट्टीत गुरं मी वळायचो. त्या कामाला नाव नव्हतं, म्हणून पैसेही नव्हते. मालक वाईट नव्हते, दुखणं-खुपणं निघालं की दवाखान्यात न्यायचे. 'आमच्या घरचाच आहे तो' म्हणायचे. घरचा म्हणलं की मजुरी वाढवून मागायची चोरी.

नांदेड, निवृत्त शिक्षक

गावातलं शेंबडं पोरही माझ्या आजोबांचं नाव मोडून, पुढं 'ए' लावून हाक मारायचं. आजोबा त्या पोराला 'जी मालक' म्हणायचे. त्यांच्या लहानपणी जोहार घालायची रीत होती, त्यात एक वाकणार आणि दुसरा उभा राहणार हे ठरलेलं. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च. म्हणणारा आणि ऐकणारा एका पातळीवर. गावाला त्याचाच राग होता.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. शब्दांनी काय फरक पडतो, असं कुणी म्हणालं की मला ती घरं आठवतात. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव लागलं, 'मराठवाडा' हा शब्द ठेवून, आणि सरकारी भाषेत तो नामविस्तार झाला. आमच्या घरात अजूनही नामांतरच म्हणतात.

धागाकर्ती

सर, लिहिल्याबद्दल आभार. यालाच जोडून सगळ्यांना विचारते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तुमच्याकडे पाटी बदलली का? आणि पत्ता सांगताना लोक काय म्हणतात?

जालना

पाटी बदलली. तोंडातलं नाव तेच आहे.

लातूर, नीटची तयारी करणारी

इथं खोली शोधताना जात कुणी विचारत नाही. आधी आडनाव विचारतात. त्यावरून कळलं नाही तर मूळ गाव. तेवढ्यानं भागलं नाही तर 'गावात कोणत्या बाजूला राहता?' तिसऱ्या प्रश्नानंतर खोली कालच गेलेली असते.

छत्रपती संभाजीनगर

इंजिनिअरिंगला आम्हाला 'फ्रीशिपवाले' म्हणायचे. सरकारकडून फी उशिरा यायची आणि कॉलेजचा क्लार्क भर वर्गात आमचीच यादी वाचायचा. माझ्याच बाकावरचा मित्र ईबीसीच्या, म्हणजे आर्थिक मागास म्हणून मिळणाऱ्या, सवलतीत शिकत होता. त्याला कुणी 'ईबीसीवाला' म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. एकाची सवलत आणि दुसऱ्याची ओळख, असं का, एवढंच मला विचारायचंय.

धाराशिव जिल्हा

मी पारधी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून आम्ही 'विमुक्त'. पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि तालुक्यात कुठं चोरी झाली की आमच्या पालावर गाडी येते. पोलीस 'चौकशी' म्हणतात. आम्ही 'उचललं' म्हणतो. माझ्या भावाला शाळेत दुसऱ्याचा कंपास हरवला तेव्हा पहिलं दप्तर त्याचं उघडलं. कंपास सापडला दुसरीकडं. माफी कुणी मागितली नाही. तो पुढं शाळेत गेला नाही.

परभणी शहर

विभागाचा अनुशेष, म्हणजे विकासातलं मागं राहिलेलं देणं, मोजायला १९८० च्या दशकात दांडेकर समिती नेमली, हे बरंच झालं. पुण्यात 'मागास भागातून आलात का?' ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांना 'अनुशेष' हा शब्द हक्कानं वापरता येतो. पण गावातल्या पाण्याची लाईन कोणत्या वस्तीत शेवटी पोचली, त्याचा अनुशेष आपल्यातले पुढारी काढत नाहीत.

हिंगोली जिल्हा

नवऱ्यानं कर्जापायी औषध घेतलं तेव्हापासून सासरी मी पांढऱ्या पायाची. भांडणात रंडकी. कागदावर विधवा. २०२३ ला सरकारात 'गंगा भागीरथी' म्हणायचं चाललं होतं, त्याला बायकांनी विरोध केला, ते ऐकून बरं वाटलं. बैठकीला जाते तिथं 'एकल महिला' म्हणतात. त्यात नवरा गेलेली, टाकलेली, बिनलग्नाची, सगळ्या एका सतरंजीवर बसतो. पोरीच्या लग्नपत्रिकेत मी 'श्रीमती' छापून घेतलं. दीर रुसला, पण लग्नाला आला.

केजच्या ताईनं पैशाचं लिहिलं म्हणून सांगते. आमच्या वावरात गड्याला पाचशे असले तर बाईला तीनशे, आणि कापूस वेचायला तर बायाच पाहिजेत. विचारलं तर म्हणतात, बाईची मजुरी तेवढीच असते. रोजगार हमीच्या कामावर बाईला-गड्याला दर एकच. तिथं माती मोजतात.