कमी दिवसांच्या बाळाला छातीशी धरणे: ऐन थंडीत आणि घरी

प्रश्न (आजी):
माझ्या सुनेची प्रसूती चौतिसाव्या आठवड्यात झाली. बाळ १७५० ग्रॅमचे असून कालच घरी आले. त्याला जास्तीत जास्त वेळ उघड्या छातीशी धरावे, असे रुग्णालयात सांगितले आहे. परंतु या थंडीत बाळाचे कपडे काढणे मला पटत नाही, आणि सूनही फार थकते. दुपट्यात गुंडाळून खोलीत शेगडी ठेवली तर चालणार नाही का?

उत्तर (नवजात विभागातील परिचारिका):
आजी, दुपटे असलेली ऊब टिकवते, पण कमी दिवसांच्या बाळाच्या अंगात चरबी कमी असल्याने ऊब मुळातच पुरेशी तयार होत नाही. ती त्याला आईच्या त्वचेतून थेट मिळते. बाळ पूर्ण उघडेही नसते. लंगोट, टोपडे आणि मोजे घालून त्याला आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे, पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत, तोंड एका बाजूला वळवावे आणि हनुवटी त्याच्या स्वतःच्या छातीवर टेकू देऊ नये, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून सुती कापडाने बांधून शाल पांघरावी. शेगडी मात्र खोलीत नकोच. तिचा धूर या फुफ्फुसांना सोसत नाही (हे दर हिवाळ्यात सांगावे लागते).

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
१९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रेय यांनी ही पद्धत सुरू केली ती बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, आणि त्यामुळे हा नाइलाजाचा उपाय आहे, असा समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या ज्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिले, त्यांच्यातील पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सुचवते. एका वेळी निदान तासभर धरावे.

उत्तर (एक वडील):
सूनबाई थकत असतील तर तुमच्या मुलाने बसावे. आमच्याकडे दूध पाजणे सोडून बाकीच्या पाळ्या मी आणि माझ्या आईने वाटून घेतल्या होत्या. पाठीला उशा लावून रेलून बसल्यास सोपे जाते.

प्रश्न (आजी):
मग मीही बसेन. हे बंद केव्हा करायचे?

उत्तर (परिचारिका):
वजन अडीच किलोच्या आसपास आले की बाळ स्वतःच हातपाय झाडून सुटू पाहते, तेव्हा थांबावे. त्याआधी बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार लागले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि जातानाही त्याला छातीशीच धरून न्यावे.