मदत हवी आहे: मेळघाटात जाताना मुलांसाठी कोणती पुस्तकं न्यावीत?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरची काही मित्रमंडळी पावसाळ्यात परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जातो, पुढे सेमाडोहपर्यंत. दरवेळी कुणीतरी गाडी थांबवून पोरांना चॉकलेटं, बिस्किटं वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. पोरं मग प्रत्येक गाडीमागे धावतात. त्यापेक्षा एखाद्या जिल्हा परिषद शाळेला किंवा अंगणवाडीला वाचता येतील अशी पुस्तकं द्यावीत, असं यंदा ठरलंय.

अडचण भाषेची आहे. तिथली बरीच मुलं घरी कोरकू बोलतात आणि कोरकू मराठीच्या कुळातली नाही, मुंडा गटातली आहे. म्हणजे पहिलीतल्या पोरासाठी मराठी पुस्तक जवळजवळ परक्या भाषेतलंच. देवनागरीत छापलेली कोरकू किंवा कोरकू-मराठी चित्रपुस्तकं कुठे मिळतील? नसतील तर नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त, मोठ्या चित्रांची मराठी पुस्तकं घ्यावीत का? (घरातली जुनी गाईडं आणि फाटके दिवाळी अंक कृपया सुचवू नका, रद्दी खपवायची नाहीये.)

दुसरं म्हणजे, दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामासाठी बाहेरगावी जातात, लेकरंही सोबत. मग पुस्तकं शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा गावातल्याच एखाद्या शिकलेल्या ताईकडे ठेवली तर चालेल का?

धारणी-चिखलदरा भागातले शिक्षक ग्रुपवर असतील तर गुरुजी, तुम्हीच सांगा. आधी मुख्याध्यापकांना फोन करावा की थेट यावं?