आईच्या हृदयातला कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) ब्लॉक झालाय. ऑपरेशन की इंजेक्शन?

गारवा:
आई काल रात्रीपासून आयसीयूत आहे. डॉक्टर म्हणतात पुन्हा ऑपरेशन, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, घरच्यांनी ठरवा. धोका दोन्हीत आहे. कुणाच्या घरी असं झालंय का? लवकर सांगा.

पाऊलवाट:
कुठला व्हॉल्व्ह? मायट्रल की एओर्टिक? मेटलचा की टिश्यूचा? आयएनआर (रक्त किती पातळ आहे, तो आकडा) किती?

नीलमोहर:
आमच्या बाबांनाही ब्लॉकेज होतं. दोन स्टेंट टाकले, तिसऱ्या दिवशी घरी. घाबरू नका.

पाऊलवाट:
नीलमोहर, ते रक्तवाहिनीचं. इथे झडपच अडकलीय.

गारवा:
मायट्रल, मेटलचा. आयएनआर १.४. दात काढायचा म्हणून वॉर्फरिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, थांबवली होती, ती परत सुरू करायची राहून गेली. आईजवळ झोपलं की व्हॉल्व्हची घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. चार दिवस ती दबल्यासारखी येत होती. मला वाटलं, उशी मध्ये येतेय.

जुना_पेशंट:
मायट्रलला २.५ ते ३.५ ठेवायला सांगतात, १.४ फारच कमी. मला अल्टेप्लेस, ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, दिलं होतं, २५ मिलिग्रॅम, सलाइनमधून कित्येक तास हळूहळू. मग इको, मग पुन्हा डोस. व्हॉल्व्हची पाती मोकळी झाली. छाती परत उघडू देऊ नका.

पाऊलवाट:
असं सरसकट सांगू नका हो. माझ्या बहिणीला पॅनस निघाला, म्हणजे व्हॉल्व्हच्या कडेने आत वाढलेलं तिचंच पेशीजाल. ते औषधाने विरघळत नाही, कापावंच लागतं. आणि गुठळी मोठी असली तर तुकडा सुटून मेंदूत जायची भीती. गारवा, टीईई (अन्ननलिकेतून केलेली इको) झाली का? फ्लुरोस्कोपीत (एक्स-रेच्या हलत्या चित्रात) पाती किती हलतायत?

जुना_पेशंट:
दुसऱ्यांदा छाती उघडणं सोपं आहे का? मी माझा अनुभव सांगितला.

सांजवेळ:
वॉर्फरिन सोडाच. रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, डॅबिगाट्रान घ्या, सारखं रक्त तपासायला नको.

पाऊलवाट:
मेटलच्या व्हॉल्व्हला अजिबात नाही! त्याची चाचणी २०१२ मध्ये अर्ध्यातच थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त.

गारवा:
टीईई झाली. एक पातं जागचं हलत नाही, पण गुठळी लहान आहे, पॅनस दिसत नाही. सर्जनही बघून गेले. इंजेक्शन हळू सुरू करतायत, ऑपरेशन थिएटर तयार ठेवलंय. सही करून आले. दातासाठी गोळी थांबवायची गरज होती का?

पाऊलवाट:
एखादा दात काढायला बहुतेक वेळा थांबवत नाहीत, आयएनआर बघून काढतात. पण ते आत्ता मनात घेऊ नकोस. तिचं बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा वाटला तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मार.

गारवा:
हो ताई. तिच्याजवळच बसलेय.