टाचदुखी आणि महागडे आर्च सपोर्ट : तुमचे अनुभव सांगा

बडोदेकर मंडळी (आणि बाहेरचेही), टाचदुखीसाठी दुकानातून महागडे आर्च सपोर्ट (तळव्याच्या कमानीला आधार द्यायला बुटात घालतात ते पॅड) कुणी घेतलेत का? गुण आला, नाही आला, दोन्ही लिहा. सुरुवात मीच करते.

वय ५४, शाळेत शिक्षिका, जन्म फळ्यासमोर उभं राहण्यात गेला. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, दहा-बारा पावलांनी सैल पडायचं. अलकापुरीतल्या एका दुकानात मला काचेवर उभं केलं. पडद्यावर माझीच पावलं, लाल-पिवळी. मुलगा म्हणाला, "बेन, तमारी कमान बेसी गई छे." एक जोडी चालायला, एक घरात, एक सवय व्हायला, तिन्हींचे साडेअठरा हजार. मंगळ बाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, तो लाल रंग बघून मुकाट्यानं कार्ड काढलं! पहिला आठवडाभर तळव्याखाली लिंबू ठेवल्यासारखं वाटत होतं. परत द्यायला गेले तर वापरलेला माल घेत नाहीत म्हणे. बिलामागे बारीक अक्षरात होतं ते.

—

ताई, मला मात्र गुण आला. दांडिया बाजारात राहतो, बँकेतून निवृत्त, पावलं लहानपणापासून सपाट. नऊ हजारांची एकच जोडी, चार वर्षं झाली. कमाटीबागेत रोज तीन फेऱ्या मारतो. फक्त बुटातलं मूळचं पॅड काढूनही ती मावेना, तेव्हा बूट एक नंबर मोठे घेतले. हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

—

मी फिजिओथेरपिस्ट आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड पट्टा जातो, प्लांटर फॅशिया. पहिल्या पावलाची कळ बहुधा त्याची. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून दुखणं त्याचंच असं नाही. टाच न दुखणाऱ्यांतही ते सापडतं. तयार मिळणारे साधे सपोर्ट आणि माप घेऊन बनवलेले महाग सपोर्ट यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दुखण्यात फारसा फरक दिसलेला नाही. म्हणून आधी स्वस्तातला घ्या. आणि पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं स्वतःकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. पोटरीही ताणा. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात थांबतं, पण त्यासाठी रोज करावं लागतं, आणि तिथंच सगळे गळतात.

—

मला एक कळत नाही, हे सगळं बुटात घालायचं, पण आपण बायका बूट घालतो किती वेळ? माझा दिवस ओट्यापाशी, कोटा फरशीवर, अनवाणी. साडेसहा हजारांची जोडी संध्याकाळी तासभर बाहेर पडायची. शेवटी जाड तळाची मऊ चप्पल घरातच घालायला लागले तेव्हा आराम पडला. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. स्वयंपाकघरात चप्पल! आठवडाभर अबोला, मग तह झाला: चप्पल फक्त घरातली, आणि देवघरापाशी काढायची. परवा त्यांनीच हळूच विचारलं, "माझ्या मापाची मिळेल का गं?"

—

माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. तिथंही असाच तीन जोड्यांचा संच, बाराशे डॉलर. दोन जोड्या त्यानं कधी घातल्याच नाहीत. वहिनी अजून ऐकवते.

—

एक महत्त्वाचं. वडिलांना मधुमेह, पायाला संवेदना कमी. कडक प्लास्टिकच्या कडेनं फोड आला, तो त्यांना कळलाच नाही; मोज्याला डाग दिसला तेव्हा आम्हाला कळलं. जखम भरायला दोन महिने. अशा माणसांनी डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये, आणि रोज रात्री तळवे बघावेत.

—

मांडवीजवळच्या मोच्यानं सँडलच्या आत फेल्टचा तुकडा चिकटवून दिला, साठ रुपये. सहा महिने टिकला. मग परत साठ.

—

धागाकर्ती परत. फिजिओ ताईंचा व्यायाम एकवीस दिवस केला, सकाळची कळ निम्म्यावर आली. महागातली चालायची जोडी शाळेच्या बुटात घालते (पैसे दिलेत ना!), बाकी दोन कपाटात. आता नवरात्र येतंय. नऊ रात्री मैदानात अनवाणी गरबा, तिथं सपोर्ट कुठं घालणार? मागच्या वर्षी पाचव्या रात्रीच खुर्ची धरली होती. टाचेला पट्टी चिकटवून कुणी खेळलंय का? घामानं सुटते की टिकते?